ब्लॉकेज नाही, मग काय?

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात हृदयाची डॉक्टर म्हणून काम करताना एक वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्टांची पिशवी टेबलावर ठेवत रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ म्हणतो, "मॅडम, ब्लॉकेज तर काहीच निघालं नाही. मग दम कशानं लागतोय?" हृदयविकार म्हणजे रक्तवाहिनीतला अडथळा, हे आता गावोगावी ठाऊक झालं आहे. पण वाहिन्या मोकळ्या असूनही हृदयाचा स्नायू स्वतःच आजारी असू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानावर गेलेली असते. या आजारांना कार्डिओमायोपॅथी म्हणतात. ब्लॉकेज, रक्तदाब, झडपांचे दोष किंवा जन्मजात व्यंग यांपैकी कशानंही ज्याचा उलगडा होत नाही, असा हृदयस्नायूचा बिघाड. जन्मभर एकही ब्लॉकेज न झालेला माणूस या आजारानं विशीत जाऊ शकतो, आणि वेळेवर कारण सापडलं तर जवळजवळ पूर्ण बराही होऊ शकतो. म्हणूनच मला यावर लिहावंसं वाटतं.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पंपिंग किती आहे?" टू-डी इकोच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा असतो, त्यालाच सगळे पंपिंग म्हणतात. डाव्या कप्प्यात समजा १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि एका ठोक्याला त्यातलं ७२ मिलिलिटर बाहेर गेलं, तर आकडा ६० टक्के. धडधाकट माणसाचं हृदयही कधी पूर्ण रिकामं होत नाही. ५५ ते ७० टक्के म्हणजे आकडा ठीक. हे माहीत नसल्यामुळे ६० टक्के वाचून "चाळीस टक्के हृदय गेलं" या धास्तीनं रात्र जागून काढलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि आकडा चांगला आला म्हणून दुखणं अंगावर काढणारीही पाहिली आहेत. ठोक्यागणिक किती रक्त बाहेर पडतं, एवढंच या आकड्यातून कळतं. स्नायू का बिघडला हे त्यात कुठेच नसतं, आणि उपचाराची दिशा मात्र त्या 'का'वरच ठरते.

जत भागातल्या एका मुलाचं उदाहरण देते. वय एकोणीस, पोलीस भरतीची तयारी चाललेली. पहाटे सोळाशे मीटरचा सराव करताना शेवटच्या टप्प्यात डोळ्यांपुढं अंधारी येऊन तो कोसळला आणि मिनिटाभरात सावध झाला. उपाशीपोटी पळाला असेल, असं म्हणून घरच्यांनी लिंबू सरबत पाजलं. दुसऱ्यांदा पडला तेव्हा त्याचा मामा त्याला घेऊन माझ्याकडे आला. अंगानं काटक, नाडी नियमित, रक्तदाब उत्तम. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप ठेवला, तर प्रत्येक ठोक्याबरोबर खरखर ऐकू येत होती. त्याला उकिडवं बसायला सांगितलं, खरखर दबली. "आता झटकन उभा राहा," म्हटलं. तो उभा राहिला आणि तीच खरखर चांगली मोठी झाली. माणूस उभा राहिला की पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त क्षणभर कमी होतं, कप्पा आक्रसतो, आणि आत अडथळा असेल तर तो वाढतो. निदानाचा अर्धा रस्ता तिथेच कापून झाला होता.

इकोत पंपिंग भरलं ७० टक्के. पण दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा २२ मिलिमीटर जाड होता. तो साधारण ११च्या आत असायला हवा. प्रत्येक ठोक्याला मायट्रल झडपेचं पुढचं पान त्या जाड पडद्याकडे ओढलं जात होतं आणि रक्त बाहेर जायची वाट अडत होती. तिथला दाबातला फरक नुसतं पडून असतानाच ६४ होता; ३०च्या पुढे गेला की आम्ही अडथळा आहे असं धरतो. पळताना तो कुठवर जात असेल, याचा अंदाज त्याच्या पडण्यावरूनच येत होता. ही हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. लंडनमधले विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी १९५८ साली, अचानक मरण पावलेल्या तरुणांच्या हृदयांत हा एकांगी जाडपणा असतो, हे मांडलं. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो. अनेकांना जन्मभर त्रास होत नाही, पण काही थोड्यांच्या हृदयाची लय व्यायामाच्या भरात एकाएकी बिघडते.

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का?" हा प्रश्न मी अशा प्रत्येक घराला विचारते. मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमचा थोरला भाऊ. तिशीत होता. हिरीच्या काठावर चक्कर आली आन् आत गेला. बुडाला म्हनून सगळ्यांनी धरलं. पर पव्हायला पट्टीचा होता, मॅडम." मी कागदावर त्या घराची वंशावळ काढली : आजी-आजोबा, त्यांची तीन मुलं, मग हा मुलगा आणि त्याची बहीण. आई-वडिलांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलाच्या आईचा इको केला. तिची काहीच तक्रार नव्हती, रानात दिवसभर खुरपत होती, पण तिचा पडदा १७ मिलिमीटर निघाला. मामाचं हृदय चांगलं होतं. धाकट्या बहिणीचं त्या वेळी निर्दोष दिसलं, पण वाढत्या वयात जाडपणा मागाहून येऊ शकतो, म्हणून तिची तपासणी दर वर्ष-दोन वर्षांनी करायची ठरली.

मुलाला मेटोप्रोलॉल सुरू केलं, पळणं बंद केलं, अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, असं बजावलं. लघवी होण्याच्या गोळ्या, छातीत दुखताना जिभेखाली ठेवायची गोळी, ही इतर हृदयरुग्णांना उपयोगी पडणारी औषधं त्याला धोक्याची आहेत, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून दिलं. दोनदा शुद्ध हरपलेली आणि मोठ्या मामाचा तसा मृत्यू, म्हणून आयसीडी बसवायचा सल्ला दिला. लय जीवघेणी बिघडली तर आतल्या आत विजेचा झटका देऊन ती सुधारणारं हे यंत्र मिशेल मिरोव्स्की यांच्या चिकाटीतून घडलं आणि १९८० साली अमेरिकेत पहिल्यांदा माणसाला बसवलं गेलं. औषधांनी अडथळा हटला नाही, तर पडद्याचा जाड भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया आहे, किंवा त्या भागाच्या धमनीत अल्कोहोल सोडून तो पातळ करता येतो. मावाकॅम्टेन हे स्नायूच्या अतिजोरावरच काम करणारं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. या साऱ्यापेक्षा अवघड होतं ते त्याला "भरतीचं स्वप्न सोड" म्हणणं. तो रडला नाही, जमिनीकडे बघत राहिला. आता तो तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे, यंत्राच्या तपासणीला नेमानं येतो.

अशा घरांमध्ये आपल्या देशाची एक खूणही असते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी देशातल्या आणि परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर २००९ साली दाखवून दिलं, की हृदयस्नायूतलं एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकातली २५ अक्षरं गळलेली असणं भारतीयांत सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं आणि त्यानं या आजाराचा धोका वाढतो. ज्याच्यात ते आहे त्या प्रत्येकाला आजार होतोच असं मुळीच नाही. पण "आमच्यात असलं काही नाही" हे वाक्य कोणत्याही जातीच्या, कोणत्याही गावच्या माणसानं ठामपणे म्हणू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

सगळ्यांत जास्त रुग्ण येतात ते मात्र उलट प्रकारचे. डावा कप्पा फुगलेला, भिंत पातळ, आणि स्नायू वापरून सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा. ही डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. लोक हिला "हृदय मोठं झालंय" म्हणतात. पंपिंग ३०, २५, कधी १५. पायऱ्या चढताना धाप, पावलांवर संध्याकाळी सूज, रात्री आडवं झालं की घुसमट आणि उठून बसावं लागणं. इथे कारणांची यादी लांब आहे आणि ती एकेक करून तपासण्यात मला कधीच कंटाळा येत नाही, कारण तिच्यातली काही कारणं उलटवता येतात.

एक शाळामास्तर आले होते, पंपिंग ३० टक्के. त्यांची नाडी बसल्या जागी १४० होती आणि कित्येक महिने तशीच पळत होती. घरचे त्याला टेन्शन समजत होते. वरच्या कप्प्यातल्या एका ठिपक्याएवढ्या जागेतून चुकीचे ठोके सुटत होते. कॅथेटरनं ती जागा जाळली आणि काही महिन्यांत पंपिंग ५५वर आलं. रोज पिणारे गृहस्थ दारू खरोखर थांबवतात तेव्हा त्यांचं हृदय सावरतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. नुसती "कमी केली" तर क्वचितच. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या एका बाईंना काही वर्षांनी दम लागू लागला. कर्करोगाच्या जुन्या फाइलमध्ये डॉक्सोरुबिसिनची इंजेक्शनं लिहिलेली होती. त्या औषधानं त्यांचा जीव वाचवला, आणि त्यानंच हृदयाच्या स्नायूला इजाही केली. म्हणून असं औषध घेतलेल्यांनी त्रास नसला तरी इको करत राहायला हवा. थायरॉईडचा बिघाड, विषाणूंचा संसर्ग होऊन आलेली हृदयाची सूज, थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवल्यानं साठणारं लोह, हीही त्याच यादीतली नावं. ज्यांच्यात यातलं काहीच सापडत नाही त्यांची वंशावळ मी पुन्हा काढते, कारण हा प्रकारही घराण्यात चालतो. टायटिन या अवाढव्य प्रथिनाच्या जनुकातले दोष अशा कुटुंबांपैकी साधारण चौथ्या भागात सापडतात.

या यादीतलं एक कारण मला फार जवळचं वाटतं, कारण ते बाईच्या सगळ्यांत आनंदाच्या दिवसांत येतं. विट्याकडची एक बाळंतीण माहेरी आली होती. बाळ तीन आठवड्यांचं. तिला खोकला सुरू झाला, थोडं चाललं की धाप लागे, पायांवर सूज. "बाळंतपणाचा अशक्तपणा, गारठा बाधला," असं समजून आईनं शेक-शेगडी वाढवली, डिंकाचे लाडू आणि गरम काढा दिला. त्या माउलीच्या करण्यात माया होती, चूक काही नव्हती. बाळंतिणीला सूज आणि दम थोडाफार असतोच, असं सगळेच धरून चालतात. मग एका रात्री तिला आडवंच होता येईना. भिंतीला टेकून, बाळाला मांडीवर घेऊन ती पहाटेपर्यंत बसून राहिली. तपासणीच्या टेबलावरही तिला पाठ टेकता येत नव्हती, म्हणून मी तिला बसवूनच इको केला. डावा कप्पा फुगलेला, पंपिंग २५ टक्के. फुप्फुसात पाणी.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत, आधी निरोगी असलेल्या बाईत असं होऊ शकतं. जुळी बाळं, वाढलेलं वय, गरोदरपणातला रक्तदाब यांनी धोका वाढतो. तिला ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन, मग एनालाप्रिल आणि बेताबेतानं बीटा-ब्लॉकर सुरू केलं. ब्रोमोक्रिप्टीनचा प्रश्न आला. दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन संप्रेरकाचा एक तुकडा हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो असं संशोधनातून दिसलं आहे, म्हणून ते संप्रेरक थांबवणारं हे औषध वापरलं जातं. त्यानं दूध आटतं. सासूबाईंना ते पटेना. मी सगळं तिच्यासमोर मांडलं, कारण निर्णय तिचाच होता. ती म्हणाली, "बाळाला वरचं दूध मिळंल, आई दुसरी कुठनं मिळंल?" औषध दिलं, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनंही दिली. सहा महिन्यांत पंपिंग ५२वर आलं. अशा बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणी सावरतात. दुसरं मूल मात्र डॉक्टरशी बोलल्याशिवाय अजिबात नको, आणि पंपिंग पुरतं सुधारलेलं नसेल तर नकोच, हे मी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. बाळंतिणीला उशा रचल्याशिवाय झोपता येत नसेल, तर त्याच दिवशी तिचा इको झाला पाहिजे. आशाताई, नर्सताई, सासू, आई, सगळ्यांपर्यंत एवढं एक वाक्य पोचलं तरी कित्येक जीव वाचतील.

आणखी काही प्रकार कमी दिसतात, पण विसरून चालत नाहीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्या दिवसांत साठीच्या एक बाई छातीत कळ येते म्हणून आल्या. ईसीजी हार्ट अटॅकचा, वाहिन्या स्वच्छ, आणि हृदयाचं टोक फुग्यासारखं बाहेर आलेलं. भीती आणि दुःखाचा जबर आघात झाल्यावर, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत, असं होतं; जपानी डॉक्टरांनी हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला. काही आठवड्यांत त्यांचं हृदय पूर्ववत झालं. दुसरा, रिस्ट्रिक्टिव्ह प्रकार : स्नायू ताठर, रक्त आत घ्यायलाच नाखूश. अमायलॉइड नावाचं प्रथिन साठल्यानं तो होतो. केरळात हृदयाचं आतलं अस्तर घट्ट होण्याचा एक प्रकार पूर्वी बराच आढळायचा. आपल्याकडे इथे एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्षयरोगानं हृदयाभोवतीचं आवरण आवळलं गेलं तरी लक्षणं अगदी अशीच दिसतात, आणि ते आवरण शस्त्रक्रियेनं काढलं तर माणूस उठून कामाला लागतो. तिसऱ्या प्रकारात उजव्या कप्प्याचा स्नायू झिजून तिथे चरबी आणि वण येतात. लय बिघडते आणि जोरकस व्यायामानं आजार बळावतो.

फुगलेल्या हृदयाच्या उपचारांचा इतिहास मी रुग्णांना आवर्जून सांगते, त्यातून त्यांना धीर येतो. थकलेल्या हृदयाला बीटा-ब्लॉकर द्यायचं नाही, असं एके काळी शिकवलं जायचं. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली अशा ७ रुग्णांना ते देऊन सुधारणा दाखवली. जगाला पटायला नव्वदचं दशक उजाडलं. आज चार प्रकारची औषधं मिळून या उपचाराचा पाया आहेत : बीटा-ब्लॉकर, एनालाप्रिलसारखी औषधं किंवा सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, आणि मधुमेहासाठी आलेलं पण २०१९ पासून मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही तारणारं ठरलेलं डापाग्लिफ्लोझिन. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती उतरल्या, तेव्हा माझ्या ओपीडीतल्या शेतमजुरालाही मी ही औषधं निःसंकोच लिहू लागले.

औषधाइतकंच घरातलं वागणं महत्त्वाचं. मीठ दिवसाला चमचाभराच्या आत. लोणचं, पापड, खर्डा, सुकी मासळी आवरती. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर फोन करायचा, कारण ते पाणी असतं. पण सर्वांत मोठा घात बरं वाटल्यावर होतो. पंपिंग सुधारलं की "आता कशाला गोळ्या" म्हणून औषध बंद केलं जातं. ब्रिटनमध्ये सावरलेल्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली थांबवून पाहिली, तर सहा महिन्यांत १० पैकी ४ जणांचा आजार परतला. हा अभ्यास मी शब्दशः सांगते, मग गोळ्या चालू राहतात.

औषधांना दाद न देणाऱ्या काहींना विशेष पेसमेकर, काहींना आयसीडी, आणि अगदी थोड्यांना नवं हृदय. मुंबईच्या केईएममध्ये शिकत असताना ज्या वास्तूत आम्ही वावरायचो, तिथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करून पाहिलं होतं. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. आज पुण्या-मुंबईत ते होतं. रुग्ण मात्र हृदयाची वाट पाहत राहतात, कारण दान कमी आहे.

जतच्या त्या मुलाच्या बहिणीसाठी स्थळ आलं तेव्हा तिची आई एकटीच माझ्याकडे आली. "मॅडम, पोरीच्या तपासण्यांचं कुणाला कळायला नगं," म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती. आजार दडवणाऱ्या घरांना मी दोष देत नाही. ज्या समाजात मुलीच्या भावाचं दुखणं मुलीच्या लग्नाला आडवं येतं, तिथे तो दोष आपल्या सर्वांचा आहे. मुलीनं मात्र स्वतःच मुलाकडच्यांना सांगितलं, आणि त्या घरानं फाइल घेऊन मला भेटायला यायचा समजूतदारपणा दाखवला. मी त्यांना सांगितलं, की आज तिला आजार नाही, तपासणी चालू ठेवायची, आणि मूल होईल तेव्हा त्याच्याकडेही लक्ष ठेवायचं. लग्न झालं.

माझं मागणं एवढंच आहे. हृदयस्नायूच्या आजाराचं निदान झालं की आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि इको करून घ्या, तक्रार असो वा नसो. पळता पळता शुद्ध हरपलेल्या पोराला तपासल्याशिवाय पुन्हा मैदानात धाडू नका. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते कसं गेलं हे थोरल्यांना विचारून लिहून ठेवा आणि डॉक्टरला सांगा. या माहितीला पैसा लागत नाही. ती दडवली तर मात्र पुढच्या पिढीला किंमत मोजावी लागते.